काट्याची यूएसबी, कर्नलातली एक ओळ आणि पुढचं कोण बघणार?

मोंढ्यावरचा · सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर कंप्युटरचं बघतो. पट्टी, हमाली, तोलाई, उचल, सगळा हिशोब लिनक्सवर आहे. जुन्या काट्याच्या इंडिकेटरला आरएस-२३२ चं तोंड होतं, त्याला यूएसबीची वायर लावून वजन सरळ पट्टीत घ्यायचो. यंदा सोयाबीनच्या सीझनच्या तोंडावर मालकांनी नवा काटा आणला. याच्या इंडिकेटरला मागं थेट यूएसबीच दिलीय. लावला, तर काहीच नाही. एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी) दिसतो, पण टीटीवाययूएसबी० (वजन वाचायचा सिरीयल पोर्ट) काही तयार होईना.

शोधाशोध केल्यावर कळलं की आत यूएसबीचं सिरीयल करणारी चिप सीपी२१०२ च आहे, म्हणजे आपली नेहमीचीच. फक्त काटा बनवणाऱ्यानं तिच्यात स्वतःचा प्रॉडक्ट आयडी (यंत्राचा ओळख नंबर) भरून ठेवलाय. व्हेंडरचा, म्हणजे कंपनीचा नंबर १०सी४ तोच, पण पुढं ईए६० च्या जागी दुसरंच काहीतरी. कर्नलातल्या (लिनक्सचा गाभा) सीपी२१०एक्स ड्रायव्हरच्या यादीत ती जोडी नाही, म्हणून तो तिकडं ढुंकून बघत नाही. सिसएफएसमधल्या (चालू कर्नलला सूचना द्यायच्या फाईली) न्यू-आयडी फाईलीत दोन्ही नंबर टाकले की लगेच वजन यायला लागतं, ९६०० बॉडवर, एकदम चोख.

सध्या यूडेव्हचा नियम लिहिलाय. काटा लावला की नंबर आपोआप टाकले जातात. माझं भागलं. पण तोच काटा आता शेजारच्या आडतींनी बी घ्यायला सुरुवात केलीय आणि सगळे मलाच फोन करायलेत.

तर प्रश्न असा की हे नंबर ड्रायव्हरच्या यादीत घालणारी एक ओळ मूळ कर्नलकडं पाठवावी का? पाठवली तर ती कायमची सांभाळायचं लोढणं माझ्या गळ्यात येतं का? मी सी भाषेतला पंडित नाही, आडतीवर नोकरीला आहे. आणि तिकडची मंडळी नवख्याला लै फाडून खातात असं ऐकून आहे.

---

टिवल्याबावल्या · सोमवार, रात्री ९.२२

सरळ लिनक्स लिहिणाऱ्या लिनसला फोन लावा. "दादा, सौदे निघालेत, हमाल खोळंबलेत, तेवढी ओळ टाका" म्हणा.

---

वाळूजकर · सोमवार, रात्री १०.०५

पाठवा. यात विचार करण्यासारखं फार नाही.

आधी दोन कामं वेगळी करा. ड्रायव्हर सांभाळणं हे एक काम. ड्रायव्हरच्या यादीत एका यंत्राचं नाव घालणं हे दुसरं. तुम्ही दुसरं करताय. त्यानं कुणी तुम्हाला मेंटेनर, म्हणजे ड्रायव्हर सांभाळणारा, करत नाही, कुणी पुढच्या वर्षी फोन करून जाब विचारत नाही. यूएसबी-सिरीयलचा सगळा विभाग योहान होवोल्ड बघतात, त्यांच्याकडून ओळ ग्रेग क्रोह-हार्टमनकडं जाते (सगळं यूएसबी त्यांच्याकडं आहे) आणि तिथून लिनसच्या झाडात, म्हणजे मूळ सोर्स कोडात. ही साखळी ठरलेली आहे, तुमचा संबंध पहिल्या पायरीपुरता.

सीपी२१०एक्सची ती यादी एकदा निवांत वाचाच. वैसालाच्या हवामान उपकरणाची केबल आहे, नोटा घेणारं यंत्र आहे, घरातली वीज मोजणारा मॉनिटर आहे, सीमेन्सचा जीपीआरएस मोडेम आहे. जगभरातल्या लोकांनी एकेक ओळ पाठवून ती यादी झालीय. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कर्नलला तेवढीच एक ओळ दिली असेल. त्यात लातूरचा काटा बसला तर कुणाला काय अडचण आहे?

आता फायद्याचं. स्टेबल कर्नलात नवीन फीचर घेत नाहीत असा नियम आहे, पण यंत्रांचे नवे आयडी त्याला अपवाद आहेत, तसं नियमातच लिहिलंय. म्हणजे ओळ मुख्य कर्नलात गेली की मागोमाग जुन्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या एलटीएस आवृत्त्यांतही उतरते. तुमच्या शेजारच्या आडतीवर कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) आहे याची चिंता उरत नाही. अपडेट घेतला की काटा चालू, फोन बंद.

---

मोंढ्यावरचा · सोमवार, रात्री १०.१४

फोन बंद हे सगळ्यात आवडलं.

---

बीडकर_पुण्यात · सोमवार, रात्री १०.४०

मला हे पटत नाही. कर्नल म्हणजे काय सातबारा आहे का, की प्रत्येकानं आपलं नाव चढवून घ्यावं? जे काम बाहेर होतंय ते बाहेरच ठेवावं. लिबयूएसबी वापरा, यूजरस्पेसमधून (कर्नलच्या बाहेरून) थेट चिपशी बोला. ड्रायव्हर चुकला तर तुमचा प्रोग्रॅम मरेल, मशीन नाही. कर्नलात चुकलं तर पूर्ण यंत्रणा आडवी. मी ऑफिसात स्कॅनर, बारकोड गन, लेबल प्रिंटर सगळं असंच चालवतो.

आणि मुळात हे काम काटा बनवणाऱ्या कंपनीचं आहे. त्यांनी चिप विकत घेतली, आयडी बदलला, पैसे कमावले. ओळ मात्र आडतीवरच्या नोकरदारानं पाठवायची. हे फुकटचं राबणं आहे, त्याला ओपन सोर्स असं गोंडस नाव दिलंय एवढंच.

---

वाळूजकर · सोमवार, रात्री ११.०२

@बीडकर_पुण्यात, लिबयूएसबी स्कॅनरला ठीक आहे. इथं पट्टीचा प्रोग्रॅम सिरीयल पोर्ट उघडून ओळ वाचतो. त्याला टीटीवाय हवा. लिबयूएसबीनं करायचं म्हणजे बॉड रेट, पॅरिटी, बफर, सगळं चिपच्या भाषेत स्वतः लिहायचं आणि वर पट्टीचा प्रोग्रॅमही बदलायचा. कशासाठी, तर कर्नलात आधीच तयार असलेलं परत करायला. तुमचा नियम नव्या, विचित्र यंत्राला लागू आहे. ओळखीच्या चिपला नाही.

कंपनीचं म्हणाल तर मुद्दा शंभर टक्के खरा. पण कंपनीला मेल करून बघा. "विंडोजचा ड्रायव्हर सीडीत आहे" एवढं उत्तर येईल.

---

उस्मानाबादी · सोमवार, रात्री ११.२०

सीडी! सीडी लावायला ड्राइव्ह कुठाय आता.

आमच्याकडचा अनुभव सांगतो. गावात ऑनलाइन फॉर्मचं केंद्र आहे माझं. एका यंत्राच्या कंपनीनं लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, झिप फाईल, आत मोड्यूलचा सोर्स. आम्ही खूश. कर्नल ४.१५ आला आणि तो कंपाईल होईना. टायमर लावायचं जुनं फंक्शन काढून टाकून नवं आणलं होतं. कंपनीला कळवलं. तोवर त्यांनी ते मॉडेलच बंद केलेलं. यंत्र ठणठणीत, दिवा लागतो, पण ड्रायव्हर मेला. शेवटी एक मशीन जुन्या कर्नलवर बांधून ठेवलं, नेट काढून, फक्त त्या एका कामासाठी.

म्हणून माझं मत वाळूजकरांच्या बाजूला. जे कर्नलाच्या आत आहे त्याच्यामागं माणसं आहेत. बाहेरचं बेवारशी.

---

गोदाकाठ · मंगळवार, सकाळी ७.३०

नांदेडला अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते, त्यामुळे या धाग्यावर राहवलं नाही. उस्मानाबादींनी जे सांगितलं त्यामागचं कारण जरा सविस्तर लिहिते.

कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमशी केलेला करार मोडत नाही. तुमचा जुना पट्टीचा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालायलाच हवा, न चाललं तर ती कर्नलची चूक मानतात. पण कर्नलाच्या आतल्या फंक्शनांबद्दल असं कुठलंच वचन नाही. ती कधीही बदलतात. अट एकच: जो बदल करेल त्यानं आतल्या सगळ्या ड्रायव्हरांत तो स्वतः करून द्यायचा. टायमरचा बदल ज्यांनी केला त्यांनी शेकडो फाईली स्वतः दुरुस्त केल्या. उस्मानाबादींचा ड्रायव्हर त्या झाडात असता तर त्यांना काही कळलंही नसतं.

याहून मोठं उदाहरण डिसेंबर २०१६ मधल्या ४.९ चं. त्यात एक्स८६ (नेहमीचे इंटेल-एएमडी प्रोसेसर) वर कर्नलचा स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती जागा, वेगळ्या प्रकारच्या मेमरीत हलवला, सुरक्षेसाठी. यूएसबीनं डेटा पाठवायला दिलेला बफर डीएमएला (यंत्रानं प्रोसेसरविना थेट मेमरी वाचणं) चालणाऱ्या मेमरीत असावा हा नियम फार जुना आहे. पण कित्येक ड्रायव्हर दोन-चार बाइटचा संदेश स्टॅकवरच ठेवून पाठवायचे आणि इतकी वर्षं ते चालूनही जायचं. ४.९ मध्ये ते बंद पडायला लागले. टीव्ही ट्यूनरच्या ड्रायव्हरांत तर अशा जागा ढिगानं निघाल्या. आतल्या होत्या म्हणून लोकांनी एकेक शोधून दुरुस्त केल्या.

आता सांभाळणं म्हणजे नक्की काय करावं लागतं, कारण धाग्याचा विषय तोच आहे. यूएसबीत सगळ्यात अवघड जागा यंत्र उपसून काढतात ती. वाढपी ताटात आमटी ओततोय आणि पंगतीतलं ताटच कुणीतरी उचललं, तशी गत. ड्रायव्हरनं यूआरबी, म्हणजे कामाची चिठ्ठी, कंट्रोलरकडं दिलेली असते, उत्तर थोड्या वेळानं येणार असतं. तेवढ्यात वायर निघाली. आता डिस्कनेक्टच्या फंक्शननं अर्धवट चिठ्ठ्या रद्द करायच्या, वाट बघत झोपलेल्या प्रोग्रॅमला उठवून चूक कळवायची, आणि मेमरी मात्र लगेच सोडायची नाही, कारण त्या प्रोग्रॅमनं फाईल अजून बंद केलेली नसते. क्रम चुकला की सोडलेल्या मेमरीत कुणीतरी लिहितं, आणि मग कुठं काय फुटेल सांगता येत नाही.

गुगलचं सिझबॉट नावाचं यंत्रमानवी प्रकरण रात्रंदिवस हेच तपासतं. खोटी यूएसबी यंत्रं तयार करतं, सॉफ्टवेअरमध्येच. ती मुद्दाम वेडीवाकडी माहिती देतात. ड्रायव्हरला दोन एंडपॉइंट (डेटा ये-जा करायच्या वाटा) अपेक्षित असतात, हे म्हणतं माझ्याकडं एकही नाही. न तपासता पुढं गेलेला ड्रायव्हर तिथंच कोसळतो आणि त्याचा अहवाल मेंटेनरच्या मेलमध्ये येऊन पडतो. मेंटेनरचा बराच दिवस अशा मेलांत जातो, नवं काही लिहिण्यात नाही.

तुमच्या एका ओळीत यातलं काहीही नाही. म्हणून बिनघोर पाठवा.

---

टिवल्याबावल्या · मंगळवार, सकाळी ७.४१

मॅडम, सकाळी साडेसातला पंगत आणि आमटी काढलीत. आता पोह्यांवर भागणार नाही.

---

नवशिका · मंगळवार, सकाळी ८.१५

वाखु (वाचनखूण) साठवली. गोदाकाठ मॅडम, मी अंबाजोगाईला तिसऱ्या वर्षाला आहे. असं काम शिकायचं असेल तर कुठून सुरू करू? आमच्याकडं लॅबमध्ये ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या पुढं काही नाही.

---

जालनेकर · मंगळवार, सकाळी ११.५०

विषय यूएसबीचा निघालाच आहे तर आमचं दुखणं ऐका. एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये आहे. काटा, तापमानाचे मीटर, सगळं यूएसबी वायरनं एका मशीनला. फर्नेसकडचा मोठा लोड चालू झाला की पोर्ट जातो. परत येतो तो टीटीवाययूएसबी० चा १ होऊन. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) ओळ येते, त्यात हबनं पोर्ट बंद केला असं लिहून कंसात ईएमआय आणि पुढं प्रश्नचिन्ह. कर्नललाच खात्री नाही तर मी काय करू? ड्रायव्हर बदलावा का?

---

उस्मानाबादी · मंगळवार, दुपारी १२.०५

कर्नलला बी ईएमआयचं टेन्शन! ट्रॅक्टरचा आहे का घराचा?

---

वाळूजकर · मंगळवार, दुपारी १.३०

जालनेकर, तो ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय गोंधळ. हबनं आपणहून पोर्ट बंद केला, कर्नलनं ते बघून परत चालू केला आणि बहुधा बाहेरचा नॉइज असावा असा अंदाज लिहिला. अंदाज म्हणून प्रश्नचिन्ह. ड्रायव्हरला हात लावू नका, त्याचा दोष नाही.

यूएसबी २.० ची वायर पाच मीटरपर्यंतच धरायची. मिलमध्ये लोक एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून ती फर्नेसच्या केबलशेजारून नेतात, मग असंच होणार. लांब जायचं असेल तर आरएस-४८५ टाका, ते १२०० मीटरपर्यंत जातं. मशीनजवळ आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा, अर्थिंग एकदा मोजून घ्या. आमच्याकडं सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायच्या लाइनवर एवढंच केलं आणि कटकट संपली.

० चा १ होतो कारण आधीचा पोर्ट प्रोग्रॅमनं अजून धरून ठेवलेला असतो. तो नंबर मोकळा नाही म्हणून पुढचा मिळतो. प्रोग्रॅमला टीटीवाययूएसबी० असं नाव देऊच नका. डेव्ह-सिरीयलच्या खाली बाय-आयडीमध्ये कायमची नावं असतात, ती द्या. आणि पोर्ट गेल्याची चूक आली की प्रोग्रॅमनं फाईल बंद करून परत उघडायला हवी.

---

परभणीचा_पाहुणा · मंगळवार, दुपारी २.१०

बाय-आयडी सगळीकडं चालत नाही हो. स्वस्तातल्या सीएच३४० चिपच्या यूएसबी-सिरीयल वायरीत सिरीयल नंबरच नसतो. दोन सारख्या वायरी लावल्या की दोघींचं नाव एकच. आमच्या जिनिंगमध्ये दोन काटे होते, आवकीचा आणि गाठींचा. लाईट गेली, जनरेटर चालू झाला, मशीन उठलं आणि नावं अदलाबदल. कापसाच्या गाडीच्या पावतीवर गाठीचं वजन. शेतकरी म्हणतो, "अख्ख्या टेम्पोत दीड क्विंटल? सरकी खाल्ली का कुणी रस्त्यात?" आता बाय-पाथ वापरतो, म्हणजे कुठल्या भोकात वायर आहे त्यावर नाव. त्या भोकाला ऑइलपेंटनं रंग दिलाय आणि खाली लिहिलंय, हात लावू नये.

---

टिवल्याबावल्या · मंगळवार, दुपारी २.१५

"हात लावू नये" लिहिल्यावरच आपल्याकडं हात लावतात.

---

बीडकर_पुण्यात · मंगळवार, दुपारी ३.००

सीएच३४० वरून आठवलं. २०२२ मध्ये एका लोकप्रिय डिस्ट्रोची नवी आवृत्ती टाकली आणि माझे सगळे आर्डुइनोचे स्वस्त बोर्ड गायब. लावला की दिसतो आणि क्षणात जातो. लॉगमध्ये नाव कुणाचं, तर बीआरएलटीटीवाय. ब्रेल वाचायचं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम! काही ब्रेल यंत्रांत तीच चिप, तोच आयडी. त्यामुळं हा प्रोग्रॅम समोर येईल तो सीएच३४० ब्रेल यंत्र समजून ताब्यात घ्यायचा. नेटवर सगळीकडं एकच सल्ला, काढून टाका. मीही काढला.

आता सांगा, आयडीच्या यादीवर एवढा विश्वास ठेवायचा कसा? एकाच आयडीची हजार वेगळी यंत्रं आहेत.

---

गोदाकाठ · मंगळवार, सायंकाळी ५.४५

चांगला प्रश्न, आणि खरं तर तो मोंढ्यावरचे यांच्याच बाजूनं जातो. चिपचा मूळ आयडी तसाच ठेवला की कुणीही तिला काहीही समजू शकतं. काटेवाल्यानं वेगळा आयडी घेतला हे उलट चांगलं केलं, फक्त तो कळवायचा राहिला.

ब्रेलच्या प्रोग्रॅमला दोष देताना मात्र जरा थांबा. ज्याला दिसत नाही त्याला मशीन चालू झाल्याबरोबर ते यंत्र आपोआप लागायला हवं. पडद्यावर जाऊन सेटिंग करा असं त्याला सांगता येत नाही. "काढून टाका" हा सल्ला आपल्यापुरता ठीक. सार्वजनिक मशीनवर तसं करू नये.

@नवशिका, लॅबची वाट बघू नका. लिनक्स फाउंडेशनची एलएफएक्स मेंटॉरशिप आहे, तिच्यात कर्नलमधले दोष दुरुस्त करायला शिकवतात, घरबसल्या. त्याआधी यूएसबीमॉन आणि वायरशार्क लावून आपल्याच माऊसचे संदेश बघा. बटण दाबल्यावर येणारे चार बाइट डोळ्यांनी बघितले की पुस्तकातलं निम्मं आपोआप कळतं. मग सिझबॉटच्या उघड्या दोषांची यादी वाचा. सुरुवातीला काही समजणार नाही, चालेल.

---

उस्मानाबादी · मंगळवार, रात्री ८.३०

आयडीवरून २०१४ चा तो गोंधळ आठवला का कुणाला? एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सिरीयल चिपांच्या नकला बाजारात लै झाल्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेला त्यांचा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा प्रॉडक्ट आयडीच शून्य करून टाकायचा. लोकांची यंत्रं लावल्या लावल्या मुकी. ज्याला ठाऊकच नाही आपली वायर नकली आहे, त्यानं काय करावं? लिनक्सवाल्यांनी काय केलं, तर शून्यवाला आयडीबी यादीत घातला! नावच "ब्रिक" (वीट, म्हणजे मेलेलं यंत्र) ठेवलंय त्याचं. मेलेली वायर लिनक्सला लावली की चालू.

---

बीडकर_पुण्यात · मंगळवार, रात्री ८.५०

म्हणजे नकली मालाला आश्रय.

---

वाळूजकर · मंगळवार, रात्री ९.१५

नकली विकणाऱ्याला धरा ना. ज्याच्या हातात वायर आहे त्याची ती वायर मारायचा हक्क ड्रायव्हरला नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. मला तरी ती ओळ पटते.

बाकी तुमचा फुकट राबण्याचा मुद्दा सोडून द्यायचा नाही. कर्नलच्या मुळाशी मेंटेनर्स नावाची फाईल आहे. प्रत्येक विभागापुढं स्थिती लिहिलेली असते. सपोर्टेड म्हणजे ते बघायचा कुणाला तरी पगार मिळतो. मेंटेन्ड म्हणजे कुणीतरी बघतं. ऑड फिक्सेस म्हणजे नाव आहे पण वेळ नाही. ऑर्फन म्हणजे वाली नाही. ती फाईल चाळली की कळतं कशाचं काय चाललंय. वाली नसलेला ड्रायव्हर लगेच काढत नाहीत, पण एखादा मोठा बदल आला आणि तो कुणी वापरतंय असं कुणीच बोललं नाही, तर जातो. म्हणून वापरणाऱ्यानं अधूनमधून "आम्ही वापरतो, नव्या आवृत्तीवर तपासलं, चालतंय" एवढं जरी कळवलं तरी ते कामच आहे. त्याला सी यावी लागत नाही.

---

मोंढ्यावरचा · बुधवार, रात्री ९.४०

सगळ्यांचं वाचलं. ठरवलं, पाठवतो. ओळ लिहून झाली, कर्नल घरच्या लॅपटॉपवर बांधला, काटा आडतीवरून उचलून घरी आणता येत नाही म्हणून लॅपटॉपच दुकानात नेला. चालतंय.

आता अडलंय ते मेलवर. चेकपॅच (कर्नलला पाठवायचा बदल तपासणारी स्क्रिप्ट) चालवला तर म्हणतो ओळीत टॅबच्या जागी स्पेस आहेत. फाईलीत तर टॅबच आहेत. जीमेलमधून स्वतःलाच पाठवून बघितलं होतं, त्यानं गोंधळ केला वाटतं. आणि साइन्ड-ऑफ-बायमध्ये काय लिहू? "मोंढ्यावरचा" चालेल का?

---

टिवल्याबावल्या · बुधवार, रात्री ९.४४

"मोंढ्यावरचा, आडत दुकान, हमाली वेगळी."

---

वाळूजकर · बुधवार, रात्री १०.२०

जीमेलच्या वेबपानावरून पॅच (कोडमधल्या बदलाचा मजकूर) जात नाही. ते टॅबचे स्पेस करतं आणि लांब ओळी मोडतं. गिट सेंड-ईमेल बसवा, गुगलच्या खात्यात अ‍ॅप पासवर्ड काढा, तो त्यात द्या. एचटीएमएल मेल यादी घेतच नाही. गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट आहे, तिला पॅच दाखवा, कुणाकुणाला पाठवायचं ती सांगते.

सहीत स्वतःचं नाव आणि चालू ईमेल द्या. ती सही म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी हमी असते, २००४ पासून. निनावी चालत नाही.

वर्णनात थोडक्यात लिहा: यंत्र कुठलं, आत चिप कुठली, आयडी काय. यूएसबी-डिव्हायसेस या कमांडचं आउटपुट जोडा, मागायच्या आधीच. खाली स्टेबलची सीसी ओळ घाला. आणि यादी आकड्यांच्या क्रमानं आहे, शेवटी चिकटवू नका, जागेवर घाला.

आता मर्ज विंडो (नव्या आवृत्तीसाठी बदल घ्यायचा काळ) चालू असेल तर उत्तराला वेळ लागेल, ते दोन आठवडे मेंटेनर घाईत असतात. आठवडाभरात उत्तर नाही आलं म्हणून परत परत पाठवू नका. नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते, घाई नाही.

---

परभणीचा_पाहुणा · बुधवार, रात्री १०.३१

एक भाबडी शंका. असं काही केलं तर वैधमापनवाले येऊन काट्याचा शिक्का रद्द करतील का?

---

मोंढ्यावरचा · बुधवार, रात्री १०.४५

इंडिकेटरच्या सीलला हात लावलेला नाही. काटा जे बाहेर पाठवतो ते फक्त वाचायचं. वजन समोरच्या डिस्प्लेवर दिसतं तेच पट्टीत येतं, शेतकऱ्याला दोन्ही दाखवतो.

---

संपादक · गुरुवार, सकाळी १०.००

जिनिंग आणि अर्थिंगची चर्चा वेगळ्या धाग्यावर हलवता येईल. इथं ड्रायव्हरचंच राहू द्या.

---

जालनेकर · गुरुवार, सकाळी १०.२०

हलवू नका हो, माझं उत्तर इथंच मिळालंय. ४८५ चं सामान मागवलंय.

---

मोंढ्यावरचा · पुढचा शनिवार, रात्री ८.३०

अपडेट. पॅच गेला. उत्तर आलं आणि कुणी फाडून खाल्लं नाही. एवढंच सांगितलं की विषयाच्या ओळीची सुरुवात त्या ड्रायव्हरच्या आधीच्या पॅचांसारखी करा आणि वर्णनात यंत्राचं नाव नीट लिहा. दोन्ही करून व्ही२ (पॅचची दुसरी आवृत्ती) पाठवला. आज मेल आला, घेतलाय, पुढच्या फेरीत जाईल. गंमत म्हणजे नको त्या भीतीनं मी तो मेल आधी शेजारच्या पोराकडून वाचून घेतला, म्हटलं शिव्या आहेत का बघ.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरंय. पण त्याचे पैसे कुणी द्यायचे?"

---

बीडकर_पुण्यात · शनिवार, रात्री ९.००

मालकांनी माझाच मुद्दा मांडला. हाबिणंदण मात्र मनापासून.

---

गोदाकाठ · शनिवार, रात्री ९.१०

अभिनंदन! वर्गात हा पॅच दाखवणार आहे. एक ओळ आहे म्हणून मुलांना पूर्ण समजेल.

---

हिंगोलीचा_तोलारी · शनिवार, रात्री १०.५५

सगळा धागा आत्ता वाचला. आमच्याकडं हळदीच्या काट्याला तोच इंडिकेटर आहे, पण मॉडेल त्याच्या आधीचं. आयडी वेगळा येतोय, शेवटचा आकडा एकानं कमी. मोंढ्यावरचे दादा, तुमच्याच पॅचमध्ये आमचाबी नंबर ढकलता का?

---

मोंढ्यावरचा · शनिवार, रात्री ११.०५

माझ्याकडं तो काटा नाही, तपासणार कसा? तुमची ओळ तुम्हीच पाठवा. गिट सेंड-ईमेलची सेटिंग मी व्यक्तिगत निरोपात धाडतो. टॅब तेवढे सांभाळा.